खालच्या बाजूनें चालणारे सोबती

शेरलॉक होम्सचें नांव ज्या घरांत कोणासच ठाऊक नाहीं, असें सुशिक्षित मराठी घर सांपडणें आजहि कठीण. थोरल्या काकांच्या कपाटांत त्याच्या चातुर्यकथांचें एखादें जीर्ण पुस्तक असावयाचेंच, आणि मे महिन्याच्या सुटींत तें धाकट्यांच्या हातीं जावयाचेंच. पण त्या कथांचे जनक आर्थर कॉनन डॉयल यांनीं १८९४ सालच्या मार्च महिन्यांत एके दिवशीं पायांस लांकडाच्या लांब पट्ट्या बांधून, स्वित्झर्लंडमधील दावोस गांवच्या दोन भावांच्या संगतीनें, आल्प्स पर्वतांतील एक बर्फाची खिंड ओलांडली, ही हकीकत फारशी कोणाच्या वाचनांत आलेली नसते. (त्या वेळीं ते ‘सर’ झालेले नव्हते, तो मान १९०२ सालचा.) त्या दिवसाचें वर्णन त्यांनीं स्वतःच त्याच वर्षींच्या डिसेंबरांत ‘स्ट्रँड मॅगझिन’मध्यें केलें. ज्या मासिकानें होम्सला घरोघर नेलें, तेंच हें मासिक. लेख विनोदी आहे, आणि वाचणाराहि तो हंसत हंसतच वाचतो. आम्हीहि प्रथम तसाच वाचला. दुसऱ्या वाचनांत मात्र त्यांतील एका वाक्यापाशीं आम्ही थबकलों. त्या वाक्यांत जें सांगितलें आहे, तें वाचकांपुढें ठेवावें म्हणून हा लेखप्रपंच. तें यथाक्रम येईलच.

हा विषय आतांच सुचण्यास एक घरगुती निमित्त झालें. हल्लीं आपल्याकडील तरुण मंडळी हिंवाळ्यांत काश्मिरांतील गुलमर्गला बर्फावरून घसरण्याचा खेळ शिकावयास जाऊं लागली आहेत. तेथें १९९८ पासून तारेवरून चालणारे पाळणे आहेत, आणि २००५ सालीं दुसरा टप्पा झाल्यापासून ते अफरवट पर्वतावर समुद्रसपाटीपासून सुमारें ३९०० मीटर उंचीपर्यंत माणसाला बसल्या बसल्या नेऊन सोडतात. गेल्या हिंवाळ्यांत आमचा एक पुतण्या चार मित्रांसह तेथें जाऊन आला. मित्र तिसऱ्या-चौथ्या खेपेचे. हा अगदीं नवखा. परत आल्यावर माजघरांत बसून त्यानें जें वर्णन केलें, त्यांत पडण्याचा भाग इतका होता, कीं शेवटीं आमच्या वहिनींनीं विचारलें, “अरे, मग तूं तिथें उभा राहिलास तरी केव्हां?” त्या हंशांतच आम्हांस डॉयलसाहेबांचा लेख आठवला.

डॉयल दावोसला कां गेले होते, तें प्रथम सांगितलें पाहिजे. ते सहलीला गेलेले नव्हते. १८९३ सालचा शरदृतु त्यांना फार वाईट गेला. ऑक्टोबरांत वडील वारले. त्याच सुमारास पत्नी लुइझा हिचा खोकला व कुशींतलें दुखणें बळावलें, आणि तपासणीअंतीं तो क्षय ठरला. डॉयल स्वतः डॉक्टर; निदानाचा अर्थ त्यांना कोणीं समजावून देण्याची गरज नव्हती. तज्ज्ञांनीं कांहीं महिन्यांचीच आशा दिली. घरांत दोन लहान मुलें. १८९४ च्या मार्चांत थोरली मुलगी पांच वर्षांची, आणि धाकटा मुलगा दीड वर्षाचाहि नव्हता. क्षयाचा जंतु कॉख यांनीं १८८२ सालींच दाखवून दिला होता, पण त्यावर चालणारें पहिलें खरें औषध, स्ट्रेप्टोमायसीन, हातीं येण्यास १९४३ साल उजाडावें लागलें. मधल्या साठ वर्षांत वैद्यकापाशीं देण्यासारखें होतें तें हवापाणी, विसांवा आणि सकस अन्न एवढेंच. आपल्याकडे जुन्या पिढीच्या तोंडीं जशीं मिरज व पांचगणी हीं नांवें येत, तसें युरोपांत दावोसचें नांव येई. समुद्रसपाटीपासून १५६० मीटरांवरची ती कोरडी, थंड, निर्वात दरी. अलेक्झांडर श्पेंगलर नांवाच्या जर्मन डॉक्टरानें १८६० नंतरच्या दशकांत तिची कीर्ति रोग्यांमध्यें पसरविली, आणि पाहतां पाहतां गुराख्यांच्या त्या गांवांत उपचारगृहें उभीं राहिलीं. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांनीं ‘ट्रेझर आयलंड’ पुरें केलें तें याच गांवीं, तेहि छातीच्या दुखण्यासाठींच आले असतां. अशा गांवीं डॉयल पत्नीला घेऊन गेले, आणि तो सबंध हिंवाळा तेथें राहिले.

येथें आमच्या वाचकांपैकीं वडीलधारी मंडळी एक प्रश्न विचारतील, आणि तो विचारण्याचा त्यांना अधिकार आहे. बायको क्षयानें आजारी, मुलें हाताशीं आलेलीं नाहींत, आणि हा गृहस्थ बर्फाच्या कड्यांवर खेळावयास जातो? आम्हांसहि तो प्रश्न पडला. पण ज्या घरानें दीर्घ दुखणें पाहिलें आहे, त्या घराला हें ठाऊक असतें कीं, रोग्याजवळ बसणाऱ्याचा दमहि हळू हळू कोंडत जातो. दावोसच्या उपचारांत रोग्यानें पडून राहावयाचें, आणि जवळच्यांनीं तें पडून राहणें पाहावयाचें. डॉयल लिहीत होते. ‘स्टार्क मन्रो लेटर्स’ ही कादंबरी तेथेंच त्यांच्या हातीं होती. पण ते सहा फुटांहून उंच, भरदार अंगाचे, क्रिकेट-फुटबॉल खेळलेले पुरुष. (पुढें १९०० सालीं त्यांनीं डब्ल्यू. जी. ग्रेस यांचा बळी घेतला होता, ही गोष्ट क्रिकेटप्रेमी वाचकांसाठीं जातां जातां सांगून ठेवतों.) असा माणूस चार महिने खोकल्याचे आवाज ऐकत बसला, तर त्याचा रोग्याला काय आधार? शिवाय त्या उंचीवर लुइझाबाईंची प्रकृति थोडी सांवरलीहि होती. आमच्यापुरतें आम्हीं त्यांचें जाणें क्षम्य ठरविलें आहे. मात्र तो प्रश्न मनांतून काढून टाकूं नये. पुढें त्या डोंगराच्या कुशींतील अर्ध्या मैलावर त्याची गरज लागणार आहे.

‘स्की’ हा नॉर्वे देशांतला शब्द. तिकडे त्याचा उच्चार ‘शी’ असा कांहींसा होतो, परंतु मराठी घरांत तो उच्चार स्वीकारण्यास काय अडचण आहे हें वाचकांच्या ध्यानांत येईलच. तेव्हां ‘स्की’च बरा. मूळ अर्थ फोडलेल्या लांकडाची फळी. भाषाशास्त्र सांगतें कीं, हा शब्द आणि आपला संस्कृत ‘छिद्’ धातु एकाच कुळांतले. ‘छेद’, ‘छिन्न’, ‘विच्छेद’ म्हणणाऱ्या आपल्या जिभेला ‘स्की’ हा दूरचा चुलतभाऊच झाला. जन्मभर धातुरूपें घोकून घेतलेल्या माणसाला असा आप्त परदेशांत भेटला म्हणजे बरें वाटतें, असो.

डॉयल यांची जोडी आठ फूट लांब व चार इंच रुंद होती. पुढचें टोंक वर वळविलेलें, मध्यें पायाचा चवडा अडकविण्यास चामडी पट्टे, टांच मोकळी, आणि हातांत तोल सांवरण्यास एक काठी. बुटाचा तळवा ४८ चौरस इंच धरला, तर अशी एक पट्टी ३८४ चौरस इंचांची, म्हणजे आठपट. वजन आठपट जागेवर वांटलें गेल्यामुळें ज्या भुसभुशीत बर्फांत नुसता पाय कमरेपर्यंत जातो, त्यावर स्की चार बोटें रुतून राहते. हा झाला गुण. दोष असा कीं, गुळगुळीत लांकडाला एकदां उताराची ओढ लागली म्हणजे तें धन्याला विचारीत नाहीं.

उत्तरेकडच्या देशांत हीं साधनें हजारों वर्षांचीं. आल्प्समध्यें मात्र १८९० पर्यंत तीं जवळ जवळ अपरिचित होतीं. फ्रिट्जॉफ नान्सेन यांनीं पांच सोबत्यांसह १८८८ सालीं ग्रीनलंडचें हिममय पठार स्कीवरून ओलांडलें, आणि त्यावरील त्यांचें पुस्तक प्रसिद्ध झालें, तेव्हां मध्य युरोपांतील कांहीं धाडसी मंडळींचें कुतूहल जागें झालें. डॉयल यांनींहि तें वाचलें होतें. दावोस गांवांत खोगिरें व चामडी सामान करणारे टोबिअस ब्रांगर आणि त्यांचे बंधु योहान, या दोघांनीं नॉर्वेहून आलेल्या जोड्या पायांत घालून आपल्या आपणच अभ्यास आरंभिला. शिकविणारा कोणी नाहीं, आणि हंसणारें सारें गांव! गांवकऱ्यांनीं त्यांची इतकी टवाळी केली, कीं हे दोघे भाऊ दिवसां काम करीत, आणि अंधार पडल्यावर, कोणी पाहत नाहीं अशा वेळीं, उतारावर जाऊन पडत आणि उठत. ‘लोक काय म्हणतील’ ही बाब केवळ आपल्याच आळींत आहे, असें समजणाऱ्यांनीं हें ध्यानांत घ्यावें. १८९३ सालीं याच भावांनीं दावोसहून आरोसा गांवीं जाणारी माइनफेल्डर फुर्का नांवाची सुमारें २४४० मीटर उंचीची खिंड स्कीवरून ओलांडून दाखविली. त्याच वर्षीं जानेवारींत ग्लारुसच्या क्रिस्टोफ इझेलिन यांनीं प्रागेल खिंड ओलांडली होती. म्हणजे डॉयल यांचे हे ‘जाणते’ सोबती तरी किती जाणते? दोन-चार हिंवाळ्यांचे. पण त्या दोन-चार हिंवाळ्यांतील प्रत्येक धडा त्यांनीं स्वतःच्या हाडांवर घेतलेला होता.

शिष्य मोठा प्रसिद्ध पुरुष, गुरु चामड्याचा कारागीर. विद्येच्या व्यवहारांत हें होतेंच. आमच्या लहानपणीं विहिरींत पोहावयास शिकवीत, तेव्हां वकिलांच्या मुलालाहि पाठीला सुका भोपळा बांधून पाण्यांत लोटणारा गडी शेतावरचाच असे. तो स्वतः आधीं पाण्यांत उतरे, पायरीच्या खालीं पाय मारीत उभा राही, आणि मग वर तोंड करून म्हणे, “टाका उडी.” काठावर उभे राहून ‘हात मार, पाय मार’ असें ओरडणारे काका-मामा पुष्कळ असत, मुलाचें लक्ष मात्र त्या पाण्यांतल्या डोक्यावर. स्की शिकणाऱ्याचें तसेंच आहे. पहिले कांहीं दिवस दोन्ही पट्ट्यांचे दोन स्वतंत्र विचार चालतात. एकीला पूर्वेस जावयाचें असतें, दुसरीला ईशान्येस, आणि मालक मध्यें. वळावयास जावें तर मागची टोंकें एकमेकींवर चढतात. पडल्यावर उठावें, तर ज्या हाताचा टेका द्यावयाचा तोच हात खांद्यापर्यंत बर्फांत जातो. आमच्या पुतण्याला गुलमर्गच्या शिक्षकानें पहिला धडा दिला तो पुढचीं टोंकें जवळ व टांचा दूर ठेवून, नांगराच्या फाळासारखा आकार करून, वेग आवरण्याचा. डॉयल यांच्या काळीं असा शिस्तवार पाठच नव्हता. काठी मागें रोंवून तिच्यावर भार द्यावा, नाहीं तर बसकण मारावी, हेच काय ते रोध. अशा तयारीवर त्यांनीं ब्रांगर बंधूंबरोबर आधीं दावोसजवळचा याकोब्सहॉर्न डोंगर चढून पाहिला, आणि मग त्या दोघांनीं त्यांना खिंडीस नेण्याचें ठरविलें.

मार्चांतला तो दिवस पहाटे साडेचार वाजतां सुरू झाला. इतक्या लवकर निघण्यास कारण होतें. दिवसा उन्हानें ओलावलेलें बर्फ रात्रीं गोठून त्यावर कठीण साय धरते. सूर्य वर येईपर्यंत तिच्यावरून साध्या बुटांनीं चालतां येतें. सूर्य वर आला, म्हणजे तीच साय फुटते, आणि उतारावरचें बर्फ सुटून खालीं येण्याचा धोका वाढतो. आकाशांत फिकट चंद्र होता. सव्वापांचाच्या सुमारास त्यांनीं रस्ता सोडला, आणि खांद्यावर स्की घेऊन देवदारासारख्या वृक्षांच्या रानांतून चढावयास लागले. मध्येंच एखाद्या घळींत पाय कमरेपर्यंत जाई, पुन्हां कठीण बर्फ लागे. साडेसहाला रान संपलें. गुरें बांधण्याचा एक लांकडी गोठा लागला. त्यानंतर आरोसा येईपर्यंत मनुष्याची एकहि खूण नव्हती. साडेसातला पाठीमागच्या शिखरांवरून ऊन आलें, आणि तें पांढरें मैदान डोळ्यांना सोसवेना.

पुढें उत्तरेकडे तोंड असलेला डोंगर लागला. तेथें उन्हाचा स्पर्श नसल्यामुळें बर्फ पिठासारखें मऊ व इतकें खोल, कीं काठीला तळ लागेना. येथें स्की पायांत चढल्या. सरळ वर जातां येत नाहीं, म्हणून नागमोडी वाटेनें, डावीकडे बरेंच जावयाचें, मग वळून उजवीकडे, असें ते चढत गेले. आणि मग तो उतार आला.

डॉयल सांगतात कीं, त्या उताराचा कोन साठ अंशांचा होता. पर्वतांत फिरणारी माणसें हा आंकडा हंसून सोडून देतील, कारण इतक्या उभ्या अंगावर बर्फ फार वेळ टिकत नाहीं. बर्फाचे लोट बहुधा तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारांवरूनच सुटतात. नवख्याच्या डोळ्यांनीं केलेलें तें माप आहे, आणि नवख्याच्या डोळ्यांना तें खरेंच होतें. डाव्या हाताला खोल दरी. त्या उताराच्या कुशींतून आडवें जावयाचें, अंतर सुमारें अर्धा मैल. अशा जागीं स्कीची वरच्या बाजूची कड बर्फांत रोंवून पाऊल टाकावें लागतें. भीति वाटली म्हणजे शरीर आपोआप डोंगराकडे झुकतें, आणि नेमकें त्यामुळेंच पायाखालची पट्टी दरीकडे सुटते. म्हणजे जीव जें करूं पाहतो, तेंच जिवावर बेततें. पाय घसरता, किंवा बर्फ सुटतें, तर दावोसच्या खोलींत वाट पाहणाऱ्या त्या आजारी बाईचें आणि तिच्या दोन लेंकरांचें काय होतें, हें सांगावयास नकोच. त्या अर्ध्या मैलावर ब्रांगर बंधूंनीं काय केलें? डॉयल यांनीं तें एकाच वाक्यांत सांगून टाकलें आहे. ते दोघेहि, धोका संपेपर्यंत, त्यांच्या खालच्या बाजूनें चालले.

याच वाक्यापाशीं आम्ही थांबलों होतों.

पावसाळ्यांत भरलेला ओढा ओलांडण्याचा प्रसंग ज्यांनीं पाहिला असेल, त्यांस ही गोष्ट फोडून सांगावी लागणार नाहीं. बायकामुलें पाण्यांत उतरण्याआधीं घरांतले दोन दांडगे पुरुष ओढ्यांत जाऊन उभे राहतात, आणि उभे राहतात ते प्रवाहाच्या खालच्या अंगाला. वरच्या अंगाला उभें राहून हात धरणाऱ्याची पकड सुटली कीं संपलें. खालच्या अंगाचा माणूस वाहून येणाऱ्याला अंगावर घेतो. पहिल्या दोन हातांतच, वेग धरण्याच्या आधीं, अडविलें तर माणूस अडतो; त्यापुढें नाहीं. ब्रांगर बंधूंचा हिशोब तोच होता. पण ओढ्यापेक्षां येथें एक गोष्ट अधिक होती. डॉयल यांच्यासारखा भरभक्कम देह वरून घसरत आला असता, तर खालच्या दोघांच्या पायांतहि तशाच घसरत्या पट्ट्या होत्या. अडविण्याच्या ऐवजीं तिघेहि गेले असते, असा संभव थोडा नव्हता. आणि वरचें बर्फ सुटतें, तर त्याच्या मार्गांत तिघेहि होते. हें त्या दोघांना कळत नव्हतें असें कोण म्हणेल? त्यांना वर, सुरक्षित कडेनें, पुढें निघून जाऊन पलीकडून ‘या, या, कांहीं नाहीं’ असें म्हणतां आलें असतें. जाणत्यांपैकीं पुष्कळ जण तेंच करतात. आमच्या पुतण्याचे दोन मित्र त्याला वर सोडून खालच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसले होते, असें त्याच्याच बोलण्यांतून निघालें. उरलेले दोघे मात्र संध्याकाळपर्यंत त्याच्या मागेंपुढें राहिले. त्या दोघांचीं नांवें वहिनींनीं मुद्दाम विचारून घेतलीं आहेत, आणि दिवाळींत त्यांना फराळाला बोलावणें आहे.

डॉयल यांनीं त्या वाक्यापुढें आभाराचा शब्द लिहिलेला नाहीं. पुढच्याच शब्दांत ते, आतां पडलें तरी चालेल अशा उतारावर आल्याचें सांगून विनोदाकडे वळतात. इंग्रज वळणाच्या माणसांची ही रीत आहे. पण तो लेख लिहावयास बसले, तेव्हां त्या दिवसाला महिने उलटून गेले होते, हजार गोष्टी विसरण्यासारख्या होत्या. आणि कोण कोणत्या बाजूनें चाललें, हें त्यांच्या ध्यानांत होतें.

मग मौज सुरू झाली. मैलाचा तिसरा हिस्सा मंद उतार, पाय न हलवितां नुसतें उभें राहावयाचें, आणि वाऱ्यासारखें जावयाचें. सभोंवार अस्पर्श बर्फ, त्यावर रानबकऱ्यांचीं व कोल्ह्यांचीं पावलें, बाकी कांहीं नाहीं. साडेनवाला ते खिंडीच्या तोंडाशीं आले. खालीं हजारों फुटांवर आरोसा गांवचीं हॉटेलें खेळण्यांतल्या घरांसारखीं दिसूं लागलीं. आणखी अर्धा मैल तसेंच घसरत गेल्यावर, कठीण भाग संपला, आतां पट्ट्याच काय त्या आपल्याला पोंचवितील, असें नवख्याला वाटलें. नेमका तेथें कडा लागला.

ब्रांगर बंधूंनीं जागा पाहिली, आणि हा उतार स्कीवर उभें राहून उतरण्याचा नव्हे असा निकाल दिला. या निकालाचें आम्हांस फार कौतुक वाटतें. पाहुण्यापुढें आपलें कसब दाखविण्याची ही संधि होती, आणि त्यांनीं ती सोडली. स्कीच्या जोड्या पट्ट्यांनीं बांधून त्यांची घसरगाडी केली, तिच्यावर बसले, टांचा पुढें बर्फांत रोंवल्या, काठी मागें दाबली, आणि निघाले. डॉयल यांनींहि तसेंच केलें. काठी दाबली तर गाडी आडवी होई; म्हणून त्यांनीं टांचा जोरानें रोंवल्या, त्यासरशीं स्वतः मागें उलटले, आणि बांधलेल्या स्की बाणासारख्या सुटून दोघां भावांच्या शेजारून पार दिसेनाशा झाल्या. आतां वाहनच गेलें. राहिलेला उतार त्यांनीं आपल्या अंगभूत साधनानें उतरला. त्यांची विजार हॅरिस ट्वीड कापडाची होती, आणि हें कापड कधीं झिजत नाहीं अशी त्यांच्या शिंप्याची ग्वाही होती. त्या ग्वाहीचे तुकडे खिंडीपासून आरोशापर्यंत विखुरले, आणि उरलेला दिवस भिंतीकडे पाठ करून उभें राहणेंच आपल्याला सुखाचें वाटलें, अशा आशयाचें ते लिहितात. सभ्य मासिकांत याहून अधिक खुलासा करणें बरें नव्हे.

याच उतारावर दोघांपैकीं एका भावाचा घोटा चांगलाच मुरगळला. अर्ध्या मैलाच्या धोक्यांतून दुसऱ्याला नेणाऱ्याचा पाय अशा ठिकाणीं गेला. डोंगर कोणाचा हिशोब कोठें चुकता करील याचा नेम नाहीं.

साडेअकराला, म्हणजे निघाल्यापासून बरोबर सात तासांनीं, तिघे आरोशांत पोंचले. तिकडच्या मंडळींनीं एक वाजण्यापूर्वीं हे येत नाहींत असा अंदाज बांधून, त्यांची फजिती पाहण्यास दुर्बिणी घेऊन बाहेर पडण्याची तयारी केली होती. ते बाहेर आले, तेव्हां आमचे वीर हॉटेलांत जेवून हात पुसत होते. हंसणाऱ्यांना चुकविण्यासाठीं वर्षानुवर्षें अंधारांत शिकलेल्या त्या भावांना या गोष्टीचा किती संतोष झाला असेल!

डॉयल यांनीं लेखांत एक भविष्य वर्तविलें, कीं पुढें शेंकडों इंग्रज स्कीच्या हंगामासाठीं स्वित्झर्लंडला येऊं लागतील. तें शेंकडों नव्हे, लाखोंच्या हिशोबानें खरें झालें. त्या लेखाला तीस वर्षें झालीं तेव्हां, १९२४ सालीं, शामोनी येथें पहिलें हिंवाळी ऑलिंपिक भरलें. १९३४ सालीं दावोसच्याच बोल्गेन उतारावर दोरानें स्की-खेळाडूंना वर ओढून नेणारें यंत्र चालूं झालें. चढण्याचे ते पहाटेचे तीन तास त्या दोरानें नाहींसे केले, आणि आज गुलमर्गचा नवखा चढाचा घाम न गाळतां उतारावर उभा राहतो. १९२४ च्या आत्मवृत्तांत डॉयल यांनीं त्या प्रांतांत स्की आणण्याचें श्रेय थोडेंसें आपल्याकडे ओढलें आहे. तेवढें आम्हांस मान्य नाहीं. बातमी जगभर नेली ती त्यांनीं. वाट पाडली ती खोगीरवाल्यानें, आणि तीहि एक वर्ष आधीं.

लुइझाबाई त्या हिंवाळ्यानंतर कांहीं महिनेच जगावयाच्या होत्या, असें वैद्यकाचें म्हणणें. दावोस, मग इजिप्त, मग इंग्लंडांतील सरे परगण्यांत त्यांच्यासाठीं मुद्दाम बांधलेलें घर, असें करीत त्या १९०६ च्या जुलैपर्यंत, म्हणजे निदानानंतर जवळ जवळ तेरा वर्षें जगल्या. मुलगी सतरा वर्षांची व मुलगा तेरा वर्षांचा होईपर्यंत त्यांना आईहि होती, आणि त्या दिवशीं खिंडींतून सुखरूप उतरलेला बापहि.

एक बारीक गोष्ट सांगावयाची राहिली. आरोशाच्या हॉटेलांत पाहुण्यांची वही असते, तिच्यांत नांव, गांव, धंदा लिहावयाचा. डॉयल यांच्या वतीनें ती टोबिअस ब्रांगर यांनीं भरली. धंद्याच्या रकान्यांत त्यांनीं डॉक्टर लिहिलें नाहीं, ग्रंथकार लिहिलें नाहीं. ज्याची विजार फाटली होती आणि ज्याच्या स्की त्याच्या आधीं खालीं आल्या होत्या, त्या गृहस्थापुढें त्यांनीं लिहिलें ‘स्पोर्टेसमन’. इंग्रजी शब्द ‘स्पोर्ट्समन’; टोबिअस यांनीं मध्यें एक ‘ई’ अक्षर जास्त घातलें. डॉयल यांना तो बहुमान वाटला व त्यांनीं तो त्या जादा अक्षरासकट जपून ठेवला. आम्हीं चौतीस वर्षें मुलांच्या वह्या तांबड्या शाईनें तपासल्या, पण ही वही आमच्यापुढें आली असती, तर त्या ‘ई’ला आम्हीं हात लावला नसता.